तुटक वेळेत बसणारी कामं

चकलीची भाजणी करताना तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने, जिरे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. एक जिन्नस भाजून परातीत काढला की गॅस बंद करून खुशाल उठता येतं. तासाभराने पुढचा घेतला तरी भाजणीचं काही बिघडत नाही. पाकातल्या रव्याच्या लाडवांचं तसं नाही. पाक एकतारी झाला की त्याच घडीला रवा पडायला हवा. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणी धपकन पडून रडायला लागलं, तर पाक पुढे जातो आणि लाडू दाताने फुटत नाहीत.

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असताना फराळाच्या किंवा मसाल्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला हा फरक लवकरच समजतो. हीच बाई लिहीतही असेल, तर लेखनातला हाच फरक कळायला तिला बराच वेळ लागतो, कारण लिहिणं बिघडलं तर करपल्याचा वास येत नाही.

लहान मुलांच्या आयांना वेळ पुरत नाही, हे आपण कायम ऐकतो आणि ते खरंही आहे. पण त्याहून मोठी अडचण वेळ तुटक असण्याची आहे. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे मिळून एक तास होत नाही. म्हणून दिवस कसा आखावा याच्या आधी एक प्रश्न येतो: हातातलं कुठलं काम मध्येच सोडलं तर चालतं आणि कुठलं नाही? उद्योग आणि लेखन दोन्ही टिकवलेल्या ज्या बायका मी जवळून पाहिल्या, त्यांनी हा प्रश्न आधी सोडवला होता. मलाही माझी दोन लहान मुलं, मसाला-भाजणीचा व्याप आणि लेखन सांभाळताना याच प्रश्नाने तारलं.

मूल वेळ का तोडतं, हे समजून घेतलं तर राग निम्म्यावर येतो. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ 1954-55 मध्ये युगांडात कंपालाच्या आसपासच्या गावांत राहून आया आणि तान्ही मुलं यांचं निरीक्षण करत होत्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1967 साली आलं. रांगणारं, पाऊल टाकणारं मूल आईपासून दूर जातं, काहीतरी धुंडाळतं, पुन्हा आईकडे येतं, तिला शिवतं किंवा नुसतं पाहतं आणि परत निघतं, हे त्यांनी बारकाईने टिपलं. आई हा त्याचा सुरक्षित तळ. तळ जागेवर आहे याची खात्री पटली तरच पुढची मोहीम. म्हणजे दर पाच-सात मिनिटांनी कुर्ता ओढायला येणारं मूल आपल्याला छळायला आलेलं नसतं, ते खातरजमा करायला आलेलं असतं. त्या वेळी मान वळवून, डोळ्यांत पाहून, अर्धा मिनिट त्याचं ऐकलं तर ते बहुतेकदा परत जातं. ‘थांब जरा, दिसत नाही का काम चाललंय’ म्हणून मान खालीच ठेवली, तर खातरजमा अपुरी राहते आणि ते पायाला बिलगून बसतं. पाच मिनिटांचं काम मग वीस मिनिटं चालतं.

झोपेचंही असंच. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. हे आकडे वाचून वाटतं, केवढा वेळ मिळणार! पण साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान दिवसाच्या दोन झोपांची एक होते, आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांची दुपारची झोपही सुटते. त्यामुळे लहान मुलाच्या घरातलं कुठलंही वेळापत्रक चार-पाच महिन्यांपुरतंच खरं असतं. ते कोलमडलं की आपण शिस्तीत कमी पडलो असं आयांना वाटतं. वस्तुस्थिती एवढीच असते की मूल मोठं झालेलं असतं.

आता तुटलेल्या कामाकडे परत जाताना डोक्यात काय होतं ते पाहू. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं, तरी लक्षाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम त्या मानाने कच्चं होतं. स्वयंपाकघरातून लिहिण्याच्या टेबलाशी आलेल्या बाईला हे अभ्यासाशिवायही ठाऊक असतं: समोर परिच्छेद, मनात ‘धने काढले का?’. महत्त्वाचा आहे तो त्यापुढचा भाग. 2018 साली लेरॉय आणि थेरेसा ग्लोंब यांनी यावर एक साधा उपाय तपासला. काम सोडून उठण्यापूर्वी, आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं, हे मिनिटभरात लिहून ठेवायचं. असं लिहून ठेवणाऱ्यांचं लक्ष पुढच्या कामात जास्त नीट लागलं.

माझ्या घरात हा उपाय दोन ठिकाणी चालतो. परातीवर किंवा डब्यावर चिठ्ठी असते: ‘तांदूळ, हरभरा झाले. उडीद राहिला. मीठ घातलेलं नाही.’ मिठाचं मुद्दाम लिहिते, कारण मेतकुटात मीठ पडलं की नाही हे नुसतं बघून कळत नाही. आणि वहीत लिखाण थांबतं तिथे खाली एक ओळ: ‘यानंतर गिरणीतला प्रसंग, मग आत्याचं बोलणं, पहिलं वाक्य पावसावर नको.’ एवढी ओळ असली की रात्री वही उघडल्यावर मागची चार पानं वाचत बसावं लागत नाही. मूल रडत उठलं तरी ही ओळ लिहिण्याइतका अवधी मिळतो. तो घ्यावाच. मूल तेवढं थांबू शकतं.

उद्योगातल्या कामांची निवड याच कसोटीवर करता येते. धान्य निवडणं, पिशव्यांवर लेबलं चिकटवणं, वजन करून पाकिटं भरणं, हिशेब टिपणं ही कामं कितीही वेळा तोडली तरी चालतात. भाजणी, थालीपीठाचं पीठ, मेतकूट यांचं भाजणं घाण्याघाण्याने तुटतं. चिवडा मधल्या वर्गातला: पोहे भाजून ठेवता येतात, पण फोडणी आणि पोहे एकदा एकत्र आले की हात काढता येत नाही. पाकातले पदार्थ, तळण आणि मिरच्या भाजणं ही मात्र अजिबात न तुटणारी कामं. मुलं अगदी लहान असताना ज्या बाईने पाकातले लाडू आणि अनारसे यादीतून काढून भाजणी आणि चटण्या ठेवल्या, तिने उद्योग लहान केला असं मी म्हणणार नाही. तिने तो दोन-तीन वर्षं जिवंत राहील असा केला.

न तुटणाऱ्या कामांत सवड नसते, आणि धोकाही असतो. तळणीचं तेल 170-180 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि तो त्वचेला चिकटून राहतो, म्हणून त्याचा चटका खोल जातो. लहान मुलाची त्वचा पातळ. 60 अंशांचं पाणीसुद्धा तिला काही सेकंदांत भाजतं. त्यामुळे कढई चढलेली असताना मुलाकडे बघायला दुसरं मोठं माणूस घरात हवंच. मोबाइलवर गाणी लावून दिलेलं मूल हे सांभाळलेलं मूल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या वर नको, कमी असेल तितकं बरं. मी हे पाळायचा प्रयत्न करते, कारण पडद्यापुढे गेलेला वेळ हा मुलाच्या बोलण्याच्या आणि धडपडीच्या वेळातून वजा होत असतो.

मसाल्याच्या मिरच्यांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरगुती उद्योगात लहान मुलांना सर्वांत जास्त त्रास त्यांचाच होतो. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्निग्ध पदार्थांत विरघळतं. म्हणूनच लवंगी मिरच्यांची देठं काढल्यावर साबणाने दोनदा हात धुऊनही रात्री मुलाचं तोंड पुसताना ते किंचाळतं. आधी हातांना गोडं तेल चांगलं चोळायचं, नखांच्या कडांनाही, मग ते पुसून साबण लावायचा; तिखट तेलाबरोबर निघून येतं. मुलाला घेण्याआधी ओढणी किंवा कुर्ताही बदलायचा, कारण ते गाल घासतं तो खांद्यावरच्या कापडावर. ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटपणाला, ही जोडी बहुतेक घरांत असते. त्यातल्या तिखट मिरच्या भाजताना जो ठसका उठतो तो मोठ्यांना नुसता खोकवतो, पण लहान मुलाच्या श्वासनलिका अरुंद असल्याने त्याला जास्त हैराण करतो. मिरच्या भाजायच्या दिवशी मुलं घराबाहेरच हवीत. ती आजीकडे किंवा बाबांबरोबर बागेत गेली, की खिडक्या उघडून भाजायचं. मुंबईत लालबागच्या मसाला बाजारात उन्हाळ्यात बायका मिरच्या-खडा मसाला घेऊन डंकावर कुटून आणतात. हा कष्ट वाचवण्याचा मार्ग आहेच, पण ठसका घराबाहेर ठेवण्याचाही आहे.

निवडायचं धान्य तुटक वेळेला सोयीचं असलं, तरी मुलासमोर ताट पसरून बसू नये. हरभरा, वाटाणा, चिंचोका नाकात जातो, आणि अख्खे शेंगदाणे-फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी वेगळं सामान हवं: बटाटे, कांदे, डब्यांची झाकणं, मोठे डाव, रिकाम्या पिशव्यांऐवजी कापडी थैल्या.

आणि ते सामान नुसतं खेळायला देऊ नये, काम म्हणून द्यावं. जर्मनीत लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांवर केलेला प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो, हात पोचत नाही. कुणी सांगितलेलं नसताना, बक्षिसाचं आमिष नसताना, मुलं उठून चिमटा उचलून देतात. दीड वर्षाच्या मुलाला खरोखरच हातभार लावायचा असतो. आपण त्याला लुडबुड म्हणून बाजूला सारतो आणि पाच वर्षांनी तेच मूल काही उचलत नाही अशी तक्रार करतो.

मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममधल्या वस्तीत बालगृह सुरू केलं तेव्हा याच ओढीवर भिस्त ठेवली: मुलाच्या हाताला बसेल असं खरं साहित्य आणि खरं काम. तो विचार महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत नेला ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून त्या परतल्या, 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. मूल वाढतं ते घरातल्या कामाच्या आसपास, हे त्यात गृहीत होतं. घरी उद्योग करणाऱ्या आईला ‘मुलाला वेळ देत नाही’ ही जी टोचणी असते, तिच्यावर याहून चांगला उतारा मला सापडलेला नाही. पाकिटं भरताना शेजारी बसून लहान थैलीत बटाटे भरणारं मूल आईचा वेळ मिळवतच असतं. त्याने काम हळू होतं हे खरं. त्या कामाला दुप्पट वेळ धरूनच बसावं.

तुटक वेळेत बसेल असा धंदा उभा करता येतो, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण लिज्जत पापडाचं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतची थोरवी सांगताना स्वावलंबन, सहकार यांवर भर दिला जातो. मला त्यातली कामाची फोड जास्त शिकवून जाते. पीठ मळण्याचं, प्रमाणाचं, एकसारखेपणाचं काम केंद्रात होतं. सभासद बहिणी सकाळी कणीक घेऊन जातात, घरी लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी वजन करून देतात. म्हणजे न तुटणारं काम केंद्राकडे आणि तुटणारं घराकडे. एक पापड लाटला की तो पूर्ण झाला. दुसरा मूल निजल्यावर लाटला तरी पहिल्याचं काही बिघडत नाही. ज्यांच्या घरी पोरंबाळं होती अशा हजारो बायकांना हे जमलं, त्यामागे त्यांची जिद्द होती तशी ही फोडही होती. एकटीने चालवलेल्या उद्योगातही ती करता येते: दळण गिरणीत, कुटणं डंकावर, आणि घरी उरेल ते सोडून उठता येण्याजोगं.

लेखनाची अशी फोड होते का? होते, आणि आपल्याकडे ती फार जुनी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईतवँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रभरातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाच्या वर आहे. पहाटे मुलं उठायच्या आत बायका दळायला बसत. हात जात्यात गुंतलेले, तोंड मोकळं. जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची आणि आपल्यापुरती पुरी. मध्येच पोर उठलं, त्याला पाजून परत खुंटा धरला तरी काही तुटत नाही, कारण पुढची ओवी नवी असते. त्या बायकांनी विषय मात्र लहान घेतले नाहीत. आईबाप, भाऊ, सासर, राम-सीता, विठ्ठल, मरण सगळं त्या दोन ओळींत आलं. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या रचत, आणि मुलगा सोपानदेव व नातलग ते टिपून ठेवत. 1951 मध्ये त्या वारल्या, 1952 मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. हा इतिहास पाहिला की ‘सलग वेळ मिळाल्याशिवाय लिहिता येत नाही’ हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. रचणं तुटक वेळेत होतं. त्यासाठी हात अशा कामात हवेत ज्याला डोकं लागत नाही, आणि कान रिकामे हवेत. निवडत बसलेल्या बाईने कानात मालिका लावली की ही रचण्याची जागा जाते, म्हणून निदान एक निवडण मी मुकाट्याने करते.

अमेरिकेतल्या शर्ली जॅक्सनने आपल्या ‘द लॉटरी’ या गाजलेल्या कथेबद्दल सांगितलेली हकीकत अशीच आहे. वर्माँटमधल्या गावात ती लहान मुलीला आणि बाजारहाटाला ढकलगाडीत घालून चढ चढत होती, वाटेत कथा सुचली. घरी आल्यावर मुलीला खेळायच्या कुंपणात ठेवलं, भाजी आत टाकली आणि ती लिहायला बसली. कथा 26 जून 1948 च्या ‘द न्यूयॉर्कर’मध्ये आली. तिला चार मुलं झाली आणि त्यांच्या गडबडीवर लिहिलेले लेख मासिकांना विकून तिने घरखर्चाला हातभार लावला. इथे पाहण्यासारखं हे की कथा टेबलाशी बसण्याआधीच बरीचशी तयार होती.

पण रचलेलं जुळवायला, कादंबरीचं प्रकरण उभं करायला, लेखाचा धागा तपासायला सलग तास लागतोच. टोनी मॉरिसन दोन मुलांना एकटीने वाढवत नोकरी करत होत्या, तेव्हा मुलं उठायच्या आधी पहाटे लिहीत. गरजेतून पडलेली ती सवय मुलं मोठी झाल्यावरही राहिली. त्यांची पहिली कादंबरी 1970 साली आली. पहाट की रात्र, ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही मात्र घेऊ नयेत. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी, आणि लहान मुलाची आई आधीच तुटक झोपलेली असते. मध्यरात्रीपर्यंत लिहून पहाटे पाचला मिरच्या निवडायला उठणारी बाई मी पाहिली आहे. तिचं कौतुक सगळ्यांनी केलं, मदत कुणी केली नाही.

दिवसात दोन्ही बसत नसतील तर वर्षात बसतात का पाहावं, हा मला सर्वांत उपयोगी पडलेला विचार. आपल्याकडे घरगुती खाद्यपदार्थांचा हंगाम ठरलेला आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत वाळवणं, मसाले, लोणची, भाद्रपदात मोदक-पुरणपोळ्या, आश्विनात फराळाची धांदल. मधले आषाढ-श्रावण त्या मानाने मोकळे, ऊन नसल्याने वाळवण तर होतच नाही. मराठी लेखकालाही नेमके तेच दिवस हवे असतात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखनाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं, आणि अंक दिवाळीत हाती पडायचा तर मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यात कमवायचं, पावसाळ्यात लिहायचं, शरदात पुन्हा कमवायचं. फराळाच्या महिन्यात चार ओळी टिपण्याखेरीज लेखनाची अपेक्षाच ठेवायची नाही. श्रावणात नवीन गिऱ्हाईक घ्यायचं नाही. दिवसभरात दोन्हींकडे अपुरे पडत राहण्यापेक्षा हे फार बरं.

पैशाचं थोडक्यात. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी हवी, पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख हवी. लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. किंमत ठरवताना बहुतेक बायका आपली मजुरी धरत नाहीत. समजा, किलोभर भाजणीला धान्य, दळण, गॅस, पिशवी मिळून 190 रुपये लागले आणि पाच किलोला चार तास गेले. तासाला 100 रुपये धरले तरी किलोमागे 80 रुपये मजुरी होते. म्हणजे 270 च्या खाली विकलं तर बाई स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला खाऊ घालते. लहान मुलांच्या घरात हा हिशेब जास्त गरजेचा, कारण त्या चार तासांतूनच पाळणाघराचे किंवा मदतनिसाचे पैसे निघायचे असतात. ऑर्डरीचे दिवस ठरवावेत, आणि व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक उत्तरं आपोआप जाण्याची सोय आहे ती वापरावी. दर पाच मिनिटांनी वाजणारा फोन मुलापेक्षा जास्त वेळ तोडतो, आणि त्याला खातरजमाही करायची नसते.

मुलं कुणी सांभाळायची, हा प्रश्न मात्र युक्त्यांनी सुटत नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं दिसलं, आणि जे पुरुष घरकाम करतात ते 88 मिनिटं. पाच वर्षांपूर्वीच्या, 2019 च्या पाहणीत हेच आकडे 299 आणि 97 होते. घरगुती उद्योग करणारी बाई ‘घरीच तर असते’, म्हणून तिच्या वाट्याची मिनिटं कमी होत नाहीत. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने 26 आठवड्यांची रजा आली, 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं; पण स्वतःच्या ओट्यावर उद्योग करणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. तिचं पाळणाघर म्हणजे सासूबाई, आई, नवरा किंवा शेजारीण.

नवऱ्याने ‘मदत’ करण्यापेक्षा ठरलेला वेळ पूर्णपणे घ्यावा. संध्याकाळी सात ते साडेआठ मुलं त्याची म्हणजे त्याचीच. भूक, शी-शू, भांडण सगळ्यासकट. ‘हिचा डबा कुठंय?’ असं दारातून विचारलं की आईचा तास तुटलाच. आमच्या सोसायटीत आम्ही काही जणी वेळेची भिशी चालवतो: आठवड्यातली एक सकाळ एकीने सगळ्यांची मुलं सांभाळायची, बाकीच्या मोकळ्या. पैसे फिरत नाहीत, पाळी फिरते. आजारी मूल आणायचं नाही आणि घ्यायला उशीर करायचा नाही, हे नियम कडक ठेवल्याने ती टिकली आहे. आजी-आजोबांवर टाकतानाही त्यांच्या गुडघ्यांचा आणि दुपारच्या झोपेचा विचार हवा. दोन वर्षांच्या मुलामागे धावणं सत्तरीत सोपं नसतं.

मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली की बालवाडी किंवा अंगणवाडीचे काही तास मिळू लागतात. इतक्या काळानंतरची ती पहिली सलग सकाळ, आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो: बँक, वाणसामान, पाहुणे, साचलेल्या ऑर्डरी. यातली बहुतेक कामं मूल सोबत असतानाही होतात. बँकेत मूल नेता येतं, वाण्याकडे तर ते आनंदाने येतं. म्हणून मुलाला सोडून आल्यावर पहिला तास वहीला किंवा पाकाला द्यावा, दार लावून घ्यावं, आणि पाकिटं दुपारी त्याच्यासोबत बसून भरावीत.